तळहातावर मावतं, घरात नाही

रीलमध्ये तळहातावर बसलेलं इवलंसं माकड पाहिलंय ना? ते मार्मोसेट, मूळचं ब्राझीलचं. घरी आणावंसं वाटतं, पण थांबा.

रानात ते कुटुंबात राहतं, पिल्लांना बापही पाठीवर घेऊन फिरतो. दातांनी झाडाची साल कोरून डिंक खातं. फ्लॅटमध्ये ना कुटुंब, ना झाड. पुरेसं ऊन मिळालं नाही, की ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडतं आणि हाडं ठिसूळ होतात.

आणखी एक. आपल्या ओठांवर तापानंतर फोड येतात ना? तो हर्पिसचा विषाणू. आपल्याला किरकोळ त्रास, पण मार्मोसेट त्याने दगावू शकतं. म्हणजे लाडाचा एक पापाही जीवघेणा!

रील तीस सेकंदांत संपते. हा जीव दहाएक वर्षं जगू शकतो. तेवढी वर्षं त्याला एकटं ठेवणार का?