शालेय बागेतील भूआच्छादक वनस्पती

येवला तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. पाऊस थोडा आणि तोही लहरी. ज्या गावी उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे शाळेच्या बागेचा विषय काढणेही शिक्षकास अवघड वाटते. परंतु बाग म्हणजे गुलाबाचे ताटवे, ही कल्पना बाजूस सारली तर मार्ग निघतो.

उघड्या जमिनीवर पावसाचे थेंब आपटले की मातीचे कण सुटे होतात. बारीक कणांनी छिद्रे बुजतात आणि पाणी न जिरता माती घेऊन वाहू लागते. जमिनीलगत पसरणारी वनस्पती हा मारा आपल्या पानांवर झेलते. कोकणच्या किनाऱ्यावर मर्यादवेल वाळू धरून ठेवते. तेच काम माळावर हरळी करते. आवार खरडून लख्ख ठेवण्याची हौस येथे नडते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

पुनर्नवेचे उदाहरण मुलांस अवश्य दाखवावे. हिलाच घेटुळी म्हणतात. उन्हाळ्यात वरचा भाग वाळून जातो, पण जाड सोटमूळ जमिनीत जिवंत राहते आणि पहिल्या सरींनंतर पुन्हा फुटते. नावाचा अर्थ मुलांस तेथेच उमगतो. घोळ आपल्या मांसल पानांत व खोडांत पाणी साठवते. उपटून ओल्या मातीवर टाकली तरी पुन्हा रुजते, आणि तिची भाजी होते हे मुलांच्या आयांना ठाऊक असतेच. निळ्या इवल्या फुलांची विष्णुक्रांता मुरमाड जागीही तग धरते.

मृगाच्या सरींनंतर हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे वीतभर अंतरावर लावावेत. भाजीच्या वाफ्यांजवळ मात्र ती लावू नये. एकदा शिरली की खणून काढता काढता शेतकरी मेटाकुटीस येतो. विष्णुक्रांतेचे बी पावसाळा सरताना गोळा करून कागदाच्या पुडीत ठेवावे व पुढील वर्षी बारीक मातीत मिसळून फोकावे. सगळे एकदम उगवेल अशी अपेक्षा ठेवू नये.

सराटा हाही येथलाच; परंतु त्याची काटेरी फळे अनवाणी पायांत रुततात, म्हणून पिवळी फुले दिसताच तो काढावा. गाजरगवत परदेशातून आलेले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले. त्याच्या स्पर्शाने अंगास खाज सुटते, म्हणून ते मुलांकडून उपटवून घेऊ नये. मोठ्यांनीच हातमोजे घालून, फुलोरा येण्यापूर्वी, मुळासकट काढावे.