करणी नव्हे, आजार

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ सालचा. नावावरून देवदेवस्कीचा वाटेल, पण तो स्किझोफ्रेनिया या मनाच्या आजारावर आहे. अतुल कुलकर्णी यांनी केलेला शेष गावाकडच्या देवराईत जीव अडकून बसलेला आहे. भास कुठला आणि खरे काय, हे त्याला उमगत नाही. बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्या घरी आणते, डॉक्टरांकडे नेते आणि स्वतःही थकून जाते.

अशा बहिणी आपल्या वस्तीत कितीतरी आहेत. फक्त इथे घर दहा बाय बाराचे असते आणि भावाजवळ थांबले तर त्या दिवसाचा रोज बुडतो.

या आजारात जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर टपलेत असा पक्का संशय येतो, माणूस आंघोळ-जेवण सोडून कोपरा धरतो. सुरुवात बहुधा ऐन तरुणपणात होते. जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला तो आहे. आईच्या वळणाने तो होत नाही, करणीने होत नाही आणि लग्न लावून दिल्याने बरा होत नाही. लग्नाचे आम्ही मुद्दाम लिहितो. आजार लपवून सून आणली की दोन जीव भरडले जातात.

बावीस प्रतिज्ञा आपण विहारात म्हणतो. तरी रात्री पोरगा ओरडू लागला की आपल्यातलेही काही जण गुपचूप भगताचे दार गाठतात. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांना ठेवलेल्या झोपडीला आग लागली. साखळीने बांधलेली २८ माणसे तिथे गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी आहे, घरातसुद्धा बांधू नका.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. वॉर्डात आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले, की पेशंट बरा वाटू लागला की घरचेच गोळ्या थांबवतात आणि काही महिन्यांत तो परत येतो, आधीपेक्षा बिघडलेला. हात थरथरले, लाळ गळली, सुस्ती आली तर डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो. मात्र ताप चढून अंग ताठले तर लगेच दवाखाना गाठा. मरणाची भाषा केली तर एकटे सोडू नका. ‘आवाज खोटा आहे’ म्हणून भांडूही नका; ‘तुला भीती वाटतेय, मी इथेच आहे’ एवढे म्हणा.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर रात्रंदिवस फुकट बोलता येते, मराठीतही. आजार दीर्घ असेल तर अपंगत्वाच्या दाखल्याचीही चौकशी करा.

आणि सांभाळणाऱ्या बाईचे काय? महिला मंडळाने पाळी लावावी. आठवड्यातून एक दुपार कोणीतरी पेशंटजवळ बसावे आणि तिला झोपू द्यावे.