कुर्डुवाडीच्या वर्गात समुद्राचे प्रवाह

माढा तालुक्यातल्या मुलांना समुद्री प्रवाह हवेतच कशाला, असं कुणी विचारलं की मी 1972 चा दुष्काळ सांगतो. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता. व्यापारी वारे मंदावले, पश्चिमेला साठलेलं कोमट पाणी पेरूच्या दिशेने सरकलं आणि इकडे पावसाने दडी मारली. दरवेळी असंच होतं असं नाही, हेही मुलांना सांगायलाच हवं. 1997 चा एल निनो प्रचंड होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला.

मग प्रयोग. काचेच्या पेटीत साधं पाणी घ्या, एका टोकाला निळ्या रंगाचा बर्फ सोडा, दुसऱ्या टोकाला लाल रंगाचं गरम पाणी हळूच ओता. निळा पट्टा तळाशी सरपटत जातो, लाल वरच पसरतो. थंड पाणी जड!

आता तोच बर्फ खारट पाण्यात टाका. वितळलेलं निळं पाणी थंड असूनही वरच तरंगतं, कारण ते गोडं आहे. तापमान आणि क्षार, दोन्ही मिळून खोल समुद्रातले प्रवाह चालवतात. मीठ मात्र सढळ हाताने घाला, नाहीतर फरक दिसत नाही.