लेदर सोफ्याची निवड आणि आच्छादनाच्या चामड्यांच्या नमुन्यांची तुलना : नरडाणा परिसराच्या संदर्भात

सारांश :
सोफा खरेदी करताना 'लेदर' हा शब्द वस्तूच्या गुणवत्तेचा पुरावा मानला जातो. प्रत्यक्षात या एका शब्दाखाली भिन्न गुणधर्मांची आणि भिन्न आयुष्याची अनेक आच्छादने विकली जातात. चामड्याचा थर, ते कमावण्याची पद्धत आणि त्यावरील अंतिम संस्कार या तीन घटकांच्या आधारे नमुन्यांची तुलना कशी करावी आणि खानदेशच्या हवामानात कोणती निवड युक्त ठरते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : चामडे, नमुना, कमावणे, रेक्झिन, ग्राहक हक्क.

प्रस्तावना :
धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर आणि सुरत–भुसावळ लोहमार्गावर वसलेले आहे. औद्योगिक वसाहतीमुळे या परिसरात नोकरदार वर्ग स्थिरावला. घर बांधून झाले की दिवाणखान्यातील सोफा ही या वर्गाची मोठी खरेदी असते. महाविद्यालयांतही प्राचार्यांचे दालन वा अतिथी कक्ष यांसाठी खरेदी समितीसमोर दरपत्रके येतात. त्यांत 'लेदर सोफा, तीन आसनी, एक नग' एवढाच तपशील असतो आणि सर्वांत कमी दर मान्य होतो. परंतु तीन दरपत्रकांतील 'लेदर' जर तीन वेगळ्या वस्तू असतील, तर त्या दरांची तुलनाच निरर्थक ठरते. या प्रश्नाचा उलगडा नमुना पाहूनच होऊ शकतो. म्हणून नमुना वाचता येणे आवश्यक आहे.

चामड्याच्या पारखीची परंपरा :
चामड्याची पारख खानदेशाला नवी नाही. विहिरीवर चामडी मोट चालत होती, तेव्हा मोटेचे चामडे पाण्यात किती टिकेल, उन्हात तडकेल की नाही, हे पाहण्यावर शेतकऱ्याचे भिजवणे अवलंबून असे. कातडी कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि मोट, आसूड, वहाणा घडवण्याचे काम प्रामुख्याने चर्मकार समाजाकडे होते. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांचे गुण त्यांना अनुभवाने ठाऊक होते. परंतु जातिव्यवस्थेने हे काम अस्पृश्य ठरविले. परिणामी हे ज्ञान ग्रंथात आले नाही, शाळेत आले नाही आणि ज्यांच्याकडे ते होते त्यांना त्याची प्रतिष्ठाही मिळाली नाही. तेलावरची इंजिने आणि विजेचे पंप आल्यावर मोट गेली आणि तिच्याबरोबर गावातील ही पारखही विरली. आज सुशिक्षित ग्राहक चामड्याच्या नमुन्यापुढे गोंधळतो, त्याची पाळेमुळे काही अंशी या इतिहासात आहेत.

चामड्याचे थर :
मोठ्या जनावराचे कातडे जाड असते. ते यंत्रावर आडवे चिरून त्याचे थर वेगळे केले जातात. केसांच्या मुळांची छिद्रे असलेला वरचा थर म्हणजे ग्रेन. येथील तंतू घट्ट विणलेले असतात. हा थर न घासता वापरला, तर त्यास 'फुल ग्रेन' म्हणतात. गोचिडांचे डाग, जुवाचे घट्टे, ओरखडे झाकण्यासाठी तो घासून त्यावर यंत्राने ठसा उमटविला, तर त्यास 'करेक्टेड ग्रेन' म्हणतात. खालच्या थराचे चामडे 'स्प्लिट' होय. त्याचे तंतू सैल असतात. त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन कृत्रिम ग्रेन उठवला जातो. चौथा प्रकार 'बाँडेड लेदर' हा होय. चामड्याचा भुगा चिकट द्रव्यात मिसळून तो कापडावर दाबून हा पत्रा तयार होतो. त्यात चामडे असते, पण कातड्याची मूळ तंतुरचना शिल्लक नसते. त्यामुळे वापराने तो पापुद्र्यांनी सुटतो.

या सर्वांपलीकडे रेक्झिन आहे. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधील एका कृत्रिम चर्मवस्त्राचे व्यापारी नाव होते. आपल्याकडे ते सामान्यनाम झाले. आज या नावाने पी.व्ही.सी. किंवा पॉलियुरेथेनचा लेप दिलेले कापड विकले जाते. 'लेदरेट' हा शब्दही अशाच कृत्रिम आच्छादनांसाठी वापरला जातो.

कमावण्याची पद्धत :
कच्चे कातडे कुजते. ते न कुजणारे करणे म्हणजे कमावणे. साल व हिरडा यांतील टॅनिनने कमावलेले चामडे भरीव आणि ताठ असते. भौगोलिक मानांकन लाभलेली कोल्हापुरी चप्पल याच परंपरेची आहे. परंतु चपलेच्या तळाला जो ताठपणा हवा, तो बैठकीला नको असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची पद्धत विकसित झाली. तिने चामडे मऊ, हलके आणि उष्णतेला अधिक टिकणारे झाले. आज सोफ्याचे बहुतांश चामडे याच पद्धतीचे असते. मात्र प्रक्रियेत दोष राहिल्यास चामड्यात षट्‌संयुजी क्रोमियम तयार होऊ शकते आणि ते त्वचेला घातक असते. त्वचेशी संपर्क येणाऱ्या चामडी वस्तूंसाठी युरोपीय संघाने २०१५ पासून त्याची मर्यादा दर किलोग्रॅमला ३ मिलिग्रॅम ठेवली आहे. मोठ्या खरेदीत विक्रेत्याकडे याविषयीचा चाचणी अहवाल मागणे योग्य ठरते.

अंतिम संस्कार :
केवळ रंगद्रव्यात मुरवलेले आणि वर लेप नसलेले चामडे 'अ‍ॅनिलिन' म्हणून ओळखले जाते. ते स्पर्शाला सर्वांत सुखद, पण पाणी आणि तेल लगेच शोषणारे असते. पातळ लेप असलेले 'सेमी-अ‍ॅनिलिन' आणि रंगाचा पूर्ण थर असलेले 'पिगमेंटेड' चामडे होय. पिगमेंटेड चामड्याचा स्पर्श किंचित थंड असतो, पण ते डागांना दाद देत नाही. लेप किती जाड असावा यालाही मर्यादा आहे. ई.एन. १५९८७ या युरोपीय संज्ञा-मानकानुसार वरचा लेप ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड असल्यास त्या वस्तूस नुसते 'लेदर' म्हणता येत नाही. फर्निचरच्या चामड्याच्या निवडीसाठी आय.एस.ओ. १६१३१ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकही उपलब्ध आहे.

नमुन्यांची तुलना :
दुकानातील पुस्तिकेत दोन-तीन बोटे रुंदीचे तुकडे असतात. त्यांवरून निर्णय घेणे धोक्याचे आहे. किमान तळहाताएवढा नमुना मागून घ्यावा आणि सर्व नमुन्यांवर पुढील कसोट्या एकाच क्रमाने लावाव्यात.

१) कापलेली कड : भिंगातून पाहावी. चामड्यात वरपासून खालपर्यंत तंतू दिसतात. रेक्झिनमध्ये लेप आणि विणलेले कापड असे दोन भाग स्पष्ट होतात. वर प्लास्टिकचा जाड पापुद्रा आणि खाली सैल तंतू असल्यास ते लेप दिलेले स्प्लिट समजावे.

२) पृष्ठभाग : नैसर्गिक ग्रेन कोठेही हुबेहूब सारखा नसतो. तोच नक्षीचा तुकडा ठराविक अंतराने पुन्हा दिसल्यास ठसा यंत्राचा आहे.

३) पाण्याचा थेंब : थेंब लगेच मुरून डाग गडद झाला, तर ते अ‍ॅनिलिन. थेंब तसाच राहिला, तर वर लेप आहे.

४) घर्षण : पांढरे सुती फडके आधी कोरडे आणि नंतर ओले करून समान दाबाने घासावे. फडक्यावर रंग उतरल्यास तो उद्या कपड्यांवरही उतरेल. प्रयोगशाळेत हीच चाचणी यंत्राने होते आणि तिचा निकाल १ ते ५ या श्रेणीत मांडतात.

५) प्रकाश : नमुन्याचा अर्धा भाग जाड कागदाने झाकून तो काही दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवावा. दोन भागांत फरक दिसल्यास रंग कच्चा आहे.

या ठिकाणी एका रूढ समजाचा विचार करणे आवश्यक आहे. तुकडा जाळून पाहावा, जळलेल्या केसासारखा वास आला तर चामडे अस्सल, असे सांगितले जाते. ही कसोटी प्लास्टिक आणि चामडे यांतील भेद दाखविते. पण स्प्लिट आणि बाँडेड लेदर यांतही चामड्याचे तंतू असल्याने तोच वास येतो. म्हणजेच सर्वाधिक फसवणूक जेथे संभवते, तेथेच ही कसोटी निरुपयोगी ठरते. 'जेन्युइन लेदर' या शिक्क्याचीही हीच गत आहे. आत चामडे आहे, एवढेच तो सांगतो. कोणता थर आहे, हे सांगत नाही.

हवामान आणि वापर :
खानदेशात उन्हाळ्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो, हवा कोरडी आणि धुळीची असते. पावसाळ्यात हीच हवा दमट होते. कोरड्या उष्णतेने चामड्यातील ओलावा आणि स्निग्धांश कमी होऊन ते तडकते. पी.व्ही.सी. मऊ ठेवणारी द्रव्ये उष्णतेने निघून जातात आणि रेक्झिन कडक होते. पॉलियुरेथेनचा लेप दमटपणाने विघटित होऊन सोलपटतो. शिवाय डोक्याला खोबरेल तेल लावण्याची आपली सवय पाठीच्या टेकूवर डाग पाडते. या सर्वांचा विचार करता माणसांची सतत ये-जा असलेल्या घरासाठी किंवा कार्यालयासाठी वरच्या थराचे, पातळ लेपाचे पिगमेंटेड चामडे सर्वांत व्यवहार्य ठरते. अ‍ॅनिलिन चामडे कितीही सुंदर असले, तरी ते कमी वापराच्या आणि थेट ऊन न येणाऱ्या खोलीतच शोभते. खर्च आटोक्यात ठेवायचा असल्यास बाँडेड लेदरपेक्षा चांगल्या प्रतीचे जाड कापड हा अधिक प्रामाणिक पर्याय आहे.

किंमत आणि करार :
एका मोठ्या जनावराचे कातडे साधारण ४० ते ५० चौरस फूट भरते. कापताना पोटाकडील सैल भाग आणि डाग वगळावे लागतात. त्यामुळे तीन आसनी सोफ्यास अनेक कातडी लागतात. दर फारच कमी असेल, तर चामडे सर्वत्र लावलेले नाही, असे समजण्यास जागा आहे. बैठक आणि पाठ चामड्याची, तर बाजू आणि मागचा भाग रेक्झिनचा, ही पद्धत प्रचलित आहे. ती गैर नाही. ती न सांगणे गैर आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्याने वस्तूची गुणवत्ता आणि दर्जा यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. जिल्हा आयोगापुढील तक्रारीत वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठविण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र पावतीवर केवळ 'लेदर सोफा' असे लिहिलेले असेल, तर तपासणी कशाशी ताडून पाहायची, हा प्रश्न उरतो. म्हणून थर, अंतिम संस्कार आणि कोणत्या भागास कोणते आच्छादन, हे दरपत्रकात व पावतीत लिहून घ्यावे. मान्य नमुन्यावर दोन्ही पक्षांच्या स्वाक्षऱ्या घेऊन तो जपून ठेवावा.

निष्कर्ष :
१) 'लेदर' ही एक वस्तू नसून अनेक वस्तूंचे सामाईक नाव आहे. त्यामुळे तपशिलाविना दरांची तुलना करता येत नाही.
२) थर, कमावण्याची पद्धत आणि अंतिम संस्कार या तीन बाबी कळल्याखेरीज नमुना कळत नाही.
३) सर्वांत महाग चामडे सर्वांत योग्य असतेच असे नाही. खानदेशच्या हवामानात लेप असलेले वरच्या थराचे चामडे अधिक टिकाऊ ठरते.
४) खरेदी समित्यांनी स्वाक्षरीचा नमुना हा दरपत्रकाचा अनिवार्य भाग करावा.
५) ज्या समाजांनी ही पारख पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांच्यातील जाणत्या कारागिरास नमुना दाखवून त्याचे मत घेणे हा ग्राहकाच्या हिताचा मार्ग आहे. आजवर नाकारल्या गेलेल्या ज्ञानाला मान्यता देण्याचा तो एक मार्गही ठरू शकतो.