बोटाखालची ओळ कोणाची?

फोनमधली नावांची यादी उघडा. समजा पाचशे नावं आहेत आणि प्रत्येकासमोर फोन लावायचं एक हिरवं बटण. आपल्याला वाटतं, पाचशे ओळी आणि पाचशे बटणं आत कुठेतरी मांडून ठेवलेली असणार. प्रत्यक्षात ओळी बनवलेल्या असतात जेमतेम पंधरा-वीस. स्क्रीनवर मावतील तेवढ्या आणि हाताशी असाव्यात म्हणून आणखी काही.

विहिरीवरचा रहाट आठवा. माळेला गाडगी मोजकीच. वर येऊन पाणी ओतलं की रिकामं गाडगं खाली उतरतं आणि भरून पुन्हा वर येतं. अँड्रॉइडची यादी अशीच चालते. रीसायकलरव्ह्यू नावाची तिची रचना गूगलने २०१४ मध्ये आणली. वरून दिसेनाशी झालेली ओळ पुसली जाते, तिच्यात नवं नाव भरलं जातं आणि ती खालून पुन्हा हजर होते. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला सोळा-सतरा मिलिसेकंद येतात. तेवढ्यात दरवेळी नवी ओळ घडवत बसणं परवडत नाही.

पण मग हिरवं बटण दाबलं, तर ते कोणाचं? मघाशी ते आत्याचं होतं, आता दूधवाल्याचं आहे. मला हा प्रश्न फार सुंदर वाटतो, कारण नवशिके प्रोग्रॅमर हमखास इथेच चुकतात. ओळ भरतानाच ते बटणाला सांगून ठेवतात, ‘तू सातवा.’ मग कोणी तिसरं नाव पुसतं. खालची सगळी नावं एकेक घर वर सरकतात, पण त्या ओळी पुन्हा भरल्या जात नाहीत. सहाव्या जागी आलेलं बटण अजून स्वतःला सातवंच समजतं आणि फोन भलत्यालाच लागतो.

उपाय एका वाक्याचा आहे. भरताना क्रमांक सांगून ठेवायचा नाही. बोट टेकून उठलं की त्या क्षणी ओळीलाच विचारायचं, ‘आत्ता तू कितवी?’ याचं उत्तर कधीकधी उणे एक येतं. नाव यादीतून गेलेलं असतं, पण त्याची ओळ स्क्रीनवरून विरत जात असते, आणि नेमकं तेव्हाच बोट तिच्यावर पडतं. जिला आता जागाच नाही अशा ओळीचा हा क्रमांक! तो आला की शहाणा प्रोग्रॅम काहीच करत नाही.

बटणापर्यंत स्पर्श पोचतो तोही थेट नाही. तो सगळ्यात बाहेरच्या खिडकीपाशी येतो, तिथून यादीकडे, यादीकडून ओळीकडे आणि ओळीकडून बटणाकडे. बटणाने तो स्वीकारला तर ओळीला दाबल्याचं कळतही नाही. म्हणून एकाच ओळीत नावावर दाबलं की माहिती उघडते आणि बटणावर दाबलं की फोन लागतो. यादी मात्र वाटेत बसून लक्ष ठेवून असते. बोट सुमारे ८ डीपी, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, वर किंवा खाली सरकलं, की ती ठरवते: या माणसाला दाबायचं नाही, यादी सरकवायची आहे. त्याच क्षणी ती स्पर्श स्वतःकडे ओढून घेते आणि बटणाला ‘रद्द’ असा निरोप धाडते. एवढ्याशा हालचालीवरून आपल्या मनातलं ओळखायचं, आणि तेही दिवसातून शेकडो वेळा!

हे स्वतः पाहता येतं. ओळीतल्या एखाद्या बटणावर बोट टेकवा आणि न उचलता धरून ठेवा. बटणाचा रंग बदलेल. आता बोट हळूच वर सरकवा. यादी हलू लागेल, बटणाचा रंग पूर्ववत होईल आणि बोट उचललं तरी फोन लागणार नाही.