नांगरलेली गलबतं काय सांगतात

मुंबईच्या फणसवाडीतल्या चाळींत वेंगुर्ल्या-मालवणकडची कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. त्यांतल्या जुन्या माणसांना कोकण बोटीचा प्रवास आठवत असेल. तिकडे बोट धक्क्याला लागायचीच नाही. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माणसं, ट्रंका, पोती पडावातून किनाऱ्याला यायची. सतराव्या शतकातली डच जहाजांची रेखाटनं बघायची, तर ही आठवण हाताशी हवी.

डचांचीही अडचण तीच होती. अ‍ॅमस्टरडॅमसमोरचा समुद्र उथळ. त्यामुळे डच ईस्ट इंडिया कंपनीची भरलेली जहाजं टेक्सेल बेटाच्या आडोशाला वाऱ्याची वाट बघत थांबत आणि माल लहान होड्यांतून ये-जा करी. पुढे हीच कंपनी आपल्याकडे आली. १६३७च्या सुमारास तिनं आदिलशाही मुलखात वेंगुर्ल्याला वखार घातली, ती गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला आणि त्यांची नाकेबंदी करणाऱ्या आरमाराला रसद पुरवायला. वखारीचे अवशेष आजही तिथे आहेत.

डच जहाजांच्या रेखाटनांतला सर्वांत मोठा माणूस, माझ्या मते, थोरला विलेम फान द वेल्दे (१६११–१६९३). ऐन लढाईत तो लहान गलबतातून आरमारासोबत फिरत जहाजं टिपून घेई. कागद अपुरा पडला की शेजारी दुसरा जोडायचा.

असं रेखाटन समोर आलं की आधी निशाणं बघावीत. वारा कुठून आहे ते कळतं. नांगरलेलं जहाज सहसा वाऱ्याकडे नाळ करून उभं राहतं. निशाणं एकीकडे आणि नाळ भलतीकडे असेल, तर समजावं की भरती-ओहोटीची ओढ वाऱ्यावर मात करते आहे. वारा पडलेला आणि शिडं सैल लोंबताहेत, तर बहुधा ती वाळत घातली आहेत, कारण ओलं शीड गुंडाळून ठेवलं की कापड कुजतं. जहाज पाण्यात किती बसलंय, यावरून ते भरलेलं की रिकामं हेही सांगता येतं. वेंगुर्ल्याचा तांडेल हे सगळं चित्रकला न शिकता वाचेल.

१६७४ साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजानं थोरल्या विलेमला रेखाटनांसाठी आणि त्याच नावाच्या त्याच्या मुलाला ती रंगवण्यासाठी वर्षाला शंभर-शंभर पौंड बांधून दिले. नाव मुलाच्या तैलचित्रांचं जास्त झालं. मला बापाचे कागद अधिक मोलाचे वाटतात. कुठला दोर कुठल्या डोलकाठीवरून निघून कुठे बांधला आहे, हे तिथे बोट ठेवून दाखवता येतं.