सही आहे, पण ‘सही’ आहे का?

मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉल कधी पाहिलाय? अमेरिकेत भामट्यांनी तोही बनवला होता! १९९०च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये बनावट ऑटोग्राफवाल्यांची टोळी धरली, तेव्हा तिच्या मालात हासुद्धा निघाला. कोलकात्याच्या मदर आणि बेसबॉल? कॉन्फिडन्स बघा!

हुबळी-धारवाडच्या रायापूर स्टॉपवर ‘चिगरी’ बस येईपर्यंत वाचून होईल एवढाच मसाला आहे. चला, पटापट!

या धंद्याचा पर्दाफाश व्हायला एका खेळाडूचीही मदत झाली, माहीत आहे का? बेसबॉलपटू टोनी ग्विनला आपल्याच टीमच्या दुकानात आपल्याच ‘सह्या’ विकायला दिसल्या. त्याने न केलेल्या! मग २००१पासून मेजर लीग बेसबॉलने सह्यांवर नंबरवाले होलोग्राम लावायला घेतले. सह्यांची खातरजमा करणारे बहुतेक जण पोलीस किंवा निवृत्त पोलीस.

पेनसुद्धा चुगली करतं बरं का! बेसबॉलचा दिग्गज बेब रूथ वारला १९४८ला, शार्पी मार्कर बाजारात आला १९६४ला. त्याच खेळातला लू गेहरिग गेला १९४१ला, अमेरिकेत बॉलपेनची विक्री सुरू झाली १९४५ला. हिशेब तुम्हीच करा.

चेंडूही कमी नाही. जुन्या अधिकृत बेसबॉलवर लीगच्या अध्यक्षाचं नाव छापलेलं असायचं. वॉरन जाइल्स नॅशनल लीगचे अध्यक्ष झाले १९५१मध्ये. जाइल्सच्या चेंडूवर रूथची सही? म्हणजे साहेबांनी कुरियर स्वर्गातून केलंय!

अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला की आणखी गंमत. १९५०च्या आसपास कागदात आणि दोऱ्यात चमक आणणारी रसायनं आली. त्यामुळे ‘१९३०चा’ माल निळा चमकला की खेळ खल्लास.

पण दिवाही जिथे हात टेकतो, ती केस माझी फेव्हरिट. चेंडू त्याच काळातला, शाई त्याच काळातली, ड्रेसिंग रूमही तीच. सही मात्र बॅटबॉयची, म्हणजे खेळाडूंच्या बॅटी सांभाळणाऱ्या पोराची! स्टार मंडळींना कंटाळा आला की पोरंच सह्या ठोकायची. याला ‘क्लबहाउस’ सही म्हणतात.

आणि दोन सह्या तंतोतंत जुळल्या तर? खूश होऊ नका. माणूस दोनदा अगदी सारखी सही करत नाही. मशीन करतं!

आता आपल्या गल्लीत. दुकानातल्या बॅटवरची झोकदार सही छापील असते. भिंगातून ठिपके दिसले की समजा, प्रिंट! खरा माल पाहायचाय? हुबळीहून रात्रीची बस, सकाळी पुणे. सहकारनगरचं ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ म्युझियम. २०१२मध्ये उद्घाटन खुद्द सचिनने केलेलं.

हुबळीशेजारच्या गदगचा फिरकीपटू सुनील जोशी आठवतो? नैरोबी, १९९९, दक्षिण आफ्रिका: १० षटकं, ६ निर्धाव, ६ धावा, ५ बळी. त्या स्कोअरकार्डवर त्याची सही असेल, तर लॅमिनेशन अजिबात नको! चिकटपट्टी त्याहून नको. धारवाडचा पाऊस म्हणजे बुरशीला आमंत्रण, तेव्हा अ‍ॅसिडमुक्त कागद आणि सिलिका जेल. भिंतीवर लावायचंच असेल तर उन्हापासून लांब. म्युझियमवाले अशा कागदांवर साधारण ५० लक्सच उजेड पडू देतात, म्हणजे मिणमिणताच.

सगळ्यात भारी ऑटोग्राफ? १४ मे २०२३, चेपॉक. कसोटीत १०,००० धावा सर्वांत आधी करणारे सुनील गावसकर धोनीकडे गेले आणि अंगातल्या शर्टवरच सही घेतली. अस्सलपणाचा पुरावा लाइव्ह टीव्हीवर! आता फक्त तो शर्ट धोब्याकडे जायला नको.